सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडचा सुका खाऊ : तीन महिन्यांचा घरचा हिशेब आणि काही प्रश्न

ओसरी | रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

नमस्कार. आम्ही भांडुपला राहतो. यजमान, मी, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा अशी घरात पाच माणसे आहोत. दिवाळी झाल्यावर घरखर्चाची वही घेऊन बसले, तेव्हा असे दिसले की धान्य, डाळी आणि तेल यांचा खर्च बऱ्यापैकी आवाक्यात आहे. पण वेफर, शेव, फरसाण, बिस्किटे, खाकरे, टोस्ट, मखाणे असा जो सुका खाऊ आम्ही महिनाभर आणतो, त्याची बेरीज आजवर कुणी केलेलीच नव्हती. हा खर्च एकदम होत नाही. स्टेशनवरून येताना एक पुडा, मुलाच्या क्लासच्या वाटेवर दहा रुपयांची दोन पाकिटे, पाहुणे येणार म्हणून पाव किलो फरसाण असा तो किरकोळीत होत राहतो आणि म्हणूनच नजरेतून सुटतो.

नोव्हेंबरमध्ये मी प्रत्येक पाकिटाचे वजन आणि दिलेले पैसे लिहून ठेवले. महिनाअखेरीस ७ किलो २०० ग्रॅम खाऊ आणि २,८६० रुपये असा आकडा निघाला, म्हणजे किलोला सरासरी ३९७ रुपये पडले. ज्या तूरडाळीच्या भावावरून आम्ही दुकानात दोनदा विचार करतो, तिच्या दुपटीहून हा भाव जास्त होता. ते वाचून मी खरोखर अस्वस्थ झाले.

डिसेंबरमध्ये आम्ही ठरवले की जाहिरातीतली नावे महिनाभर बाजूला ठेवायची आणि सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडचा माल आणायचा. डी-मार्टचे 'प्रीमिया', रिलायन्सच्या दुकानांतले 'स्नॅकटॅक', स्टार बाजारचे 'फॅबस्टा' ही नावे मुंबईत अनेकांनी पाहिली असतील. पूर्वी बिग बझारमध्ये 'टेस्टी ट्रीट' मिळत असे, तोही याच जातीचा माल होता. आम्ही तीन वेगवेगळ्या दुकानांतून खरेदी केली. कुठला पदार्थ कुठल्या दुकानाचा होता हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच नावाचा माल वेगवेगळ्या कारखान्यांतून येऊ शकतो आणि आमच्या एका पाकिटावरून कुणाला चांगले किंवा वाईट ठरवणे योग्य होणार नाही.

पहिल्याच दिवशी घरात नाराजी पसरली. पाकिटाचा रंग पाहूनच मुलाने "हे वेगळं लागतं" असे सांगून टाकले, तेव्हा त्याने ते तोंडातही घातलेले नव्हते. म्हणून पुढच्या रविवारी मी आणि मुलीने मिळून चाचणी घेतली. स्टीलच्या वाट्यांच्या तळाला आकडे चिकटवले, प्रत्येक पदार्थाच्या दोन वाट्या भरल्या, एकीत नेहमीचा ब्रँड आणि दुसरीत दुकानाचा. भरणाऱ्याने चव घ्यायची नाही आणि चव घेणाऱ्याने भरताना स्वयंपाकघरात यायचे नाही, एवढाच नियम होता.

खारे दाणे आणि फुटाणे यांत कुठल्या वाटीत कुठला ब्रँड आहे, हे चव घेणाऱ्या चौघांपैकी एकालाही सांगता आले नाही. मेथी खाकऱ्यात सासूबाईंनी दुकानाचा खाकरा पसंत केला. त्यांच्या मते तो अधिक खरपूस भाजलेला आणि हाताला कमी तेल लागणारा होता. टोस्ट चहात बुडवल्यावर दोन्ही सारखेच ठरले. साध्या मिठाच्या वेफरमध्ये मते विभागली गेली, पण दुकानाचे वेफर जरा जास्त खारट आहेत हे सगळ्यांनी मान्य केले. याउलट क्रीमची बिस्किटे धाकट्याने पहिल्याच घासाला ओळखली. शेव तर मलाही ओळखता आली, कारण ती जाड होती आणि तोंडात बेसनाच्या आधी तेलाची चव येत होती. चिवडा इतका गोड होता की सासूबाईंनी वाटी तशीच परत केली आणि तो अखेर भेळेत कालवून संपवावा लागला.

त्यावरून मला असे वाटते की ज्या पदार्थात एकच मुख्य जिन्नस असतो आणि त्यावर मीठ किंवा भाजणे एवढाच संस्कार असतो, तिथे जाहिरातीतल्या नावासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. जिथे मसाल्याचे प्रमाण, तळणीचे तेल आणि क्रीम यांवर सगळी चव उभी असते, तिथे मात्र वाटीगणिक पारखूनच घ्यायला हवे.

आता हिशेबाकडे येते, कारण खरा धक्का तिथे बसला. डिसेंबरमध्ये सरासरी भाव किलोला ३९७ वरून २७८ रुपयांवर आला, म्हणजे जवळजवळ तीस टक्के स्वस्ताई झाली. त्या मानाने बिल दोन हजारांच्या आसपास यायला हवे होते, पण ते २,४२० रुपये आले. वजनाची बेरीज केली तर आम्ही ८ किलो ७०० ग्रॅम खाऊ संपवला होता. पाकिटे मोठी होती, स्वस्त आहे म्हणून मी दोन-दोन उचलत होते, आणि घरात उघडे पाकीट दिसले की येता-जाता मूठ भरली जात होती. चारशे ग्रॅमचे फरसाण दोनशे ग्रॅमच्या जुन्या पाकिटाइतक्याच दिवसांत संपत होते. वाचलेल्या पैशांतला मोठा भाग आम्ही अक्षरशः खाऊन टाकला.

जानेवारीत पद्धत बदलली. दाणे, फुटाणे, खाकरे, टोस्ट आणि मखाणे दुकानाच्या ब्रँडचे घेतले, क्रीमची बिस्किटे नेहमीचीच पण महिन्याला ठरलेले दोन पुडे आणले, शेव-फरसाण ओळखीच्या फरसाणवाल्याकडून पाव-पाव किलो घेतले आणि चिवडा घरी केला. पाकीट आणले की ते लगेच डब्यांत काढायचे आणि आठवड्याचा डबा आठवड्यालाच उघडायचा, असे ठरवले. महिन्याचा खाऊ ६ किलो १०० ग्रॅम झाला आणि खर्च १,७८० रुपये. नोव्हेंबरच्या तुलनेत १,०८० रुपये कमी लागले.

माझे प्रश्न असे आहेत. पाकिटावर नेमके काय वाचून दर्जाचा अंदाज घ्यावा? "सगळे एकाच कारखान्यात बनते" असे जे म्हटले जाते, ते कितपत खरे आहे? आणि मुलांची समजूत तुम्ही कशी घातली?

तराजू | ८ फेब्रुवारी, दुपारी १२.०५

वजन आणि पैसे दोन्ही लिहिल्यामुळेच तुम्हाला डिसेंबरची गोष्ट कळली. नुसती बिले पाहिली असती तर चारशे चाळीस रुपये वाचले म्हणून समाधान मानले गेले असते.

पाकिटावरील भावाबद्दल एक सांगतो. आवेष्टित वस्तूंसाठी जे वैधमापनशास्त्राचे २०११ चे नियम आहेत, त्यांत पुढे झालेल्या दुरुस्तीमुळे एमआरपीबरोबर एकक विक्री किंमतही छापावी लागते. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती प्रति ग्रॅम दिलेली असते. अक्षरे बारीक असतात, पण दोन पाकिटे शेजारी धरून पाहिली तर तुलना सोपी जाते. मात्र ही किंमत एमआरपीवरून काढलेली असते, दुकानाने लावलेल्या सवलतीच्या भावावरून नाही. समजा, ४०० ग्रॅमच्या पाकिटाची एमआरपी १२० रुपये आहे आणि दुकान ते ७८ रुपयांना विकते. छापील आकडा ग्रॅमला ३० पैसे दिसेल, पण आपल्याला ते साडेएकोणीस पैशांना पडले. शेजारच्या ब्रँडेड पाकिटावर सवलत नसेल तर छापील आकडे पाहून फसगत होते, आणि कधी कधी उलटही होते. म्हणून प्रत्यक्ष द्यायच्या पैशांना निव्वळ वजनाने भागणे हाच खात्रीचा मार्ग आहे. मोबाइलवर दहा सेकंद लागतात.

दहा रुपयांच्या पाकिटांचाही असाच हिशेब करून पाहा. त्या पाकिटावर किंमत कायम राहते आणि महागाई वाढली की आतले ग्रॅम कमी होतात. २४ ग्रॅमला दहा रुपये म्हणजे किलोला ४१६ रुपयांहून जास्त झाले. तुमच्या नोव्हेंबरच्या सरासरीत अशा पाकिटांचा वाटा बराच असणार, असा माझा अंदाज आहे.

ओसरी | ८ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

अंदाज बरोबर आहे. वहीत पाहिले, नोव्हेंबरमध्ये दहा रुपयांची एकेचाळीस पाकिटे आली होती. त्यांतली बहुतेक क्लासच्या वाटेवरची होती.

कांदेपोहे | ८ फेब्रुवारी, दुपारी १.३०

मला या सगळ्या चर्चेत एक मूळ प्रश्न पडतो. पाकीट या दुकानाचे की त्या कंपनीचे, यावर इतका विचार करण्यापेक्षा ते आणायचेच कशाला? आमच्या लहानपणी दुपारी भूक लागली की गूळ-दाणे, तेल-तिखट-मीठ लावलेले कुरमुरे किंवा कालच्या पोळीचा कुस्करा मिळायचा, आणि त्यात कुणाचे काही कमी झाले नाही.

ओसरी | ८ फेब्रुवारी, दुपारी २.२०

तुमचे म्हणणे मला मनापासून पटते आणि जानेवारीतला चिवडा त्याच विचाराने केला. अर्धा किलो पातळ पोहे, शंभर-शंभर ग्रॅम दाणे आणि डाळे, थोडे सुके खोबरे, तेल आणि फोडणीचे साहित्य असे मिळून गॅस धरून सव्वाशे रुपयांच्या आत साधारण आठशे ग्रॅम चिवडा झाला. पोहे उन्हात ठेवून मग मंद आचेवर परतले की तेल फारच कमी लागते.

पण मी सकाळी सव्वाआठला घर सोडते आणि संध्याकाळी सातनंतर परत येते. मुले दुपारी येतात तेव्हा घरी सासूबाई असतात आणि त्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांना गॅससमोर फार वेळ उभे राहता येत नाही. अशा घरात डब्यातला सुका खाऊ ही सोय आहे, चैन नव्हे. तो किती आणि कुठला असावा, एवढेच माझ्या हातात आहे आणि तेवढे तरी नीट करावे असे वाटते.

कांदेपोहे | ८ फेब्रुवारी, दुपारी २.३५

तुमच्या घरची ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. चिवड्याचे प्रमाण लिहून घेतले आहे.

तळणीचा_घाणा | ८ फेब्रुवारी, सायंकाळी ६.१०

मी फरसाण आणि वेफर बनवणाऱ्या कारखान्यांत उत्पादन विभागात बरीच वर्षे काम केले, आता निवृत्त आहे. ओसरीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण त्याबाबत फार गैरसमज आहेत.

सुपरमार्केटचे स्वतःचे कारखाने सहसा नसतात. ते दुसऱ्या उत्पादकाकडून माल बनवून घेतात. तोच उत्पादक एखाद्या नामांकित ब्रँडलाही माल देत असेल, हे शक्य आहे. पण एकच कारखाना म्हणजे एकच माल, हे गृहीत धरणे चुकीचे आहे. माल घेणारा आपली मापे देतो : शेवेत बेसन किती आणि मक्याचे किंवा वाटाण्याचे पीठ किती, तेल कुठले, तळणीनंतर पदार्थात तेलाचे प्रमाण किती राहिलेले चालेल, मीठ किती, तुकडा किती चालेल, पाकिटाची फिल्म किती थरांची. सकाळच्या पाळीत एका मापाची शेव पडते आणि दुपारच्या पाळीत त्याच यंत्रावर दुसऱ्या मापाची. तुम्हाला बेसनाआधी तेल जाणवले, त्याचे कारण बहुधा या मापांतच असावे.

स्वस्ताईचे कारण नेहमी हलका माल हेच असते असे मात्र नाही. दूरचित्रवाणीवरची जाहिरात, वितरक आणि उपवितरकांची साखळी, दुकानात मोक्याच्या जागेसाठी होणारा खर्च हे सगळे दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडला लागत नाही किंवा फार कमी लागते. दाणे, फुटाणे, मखाणे अशा वस्तूंत तर निवडणे, भाजणे आणि भरणे एवढेच काम असते, त्यामुळे तिथे तुमच्या घरच्या चाचणीचा निकाल अगदी अपेक्षित असाच आला.

पाकिटावर काय वाचावे, तर प्रथम घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. शेवेच्या यादीत बेसन पहिले आहे की तेल, आणि बेसनानंतर इतर पिठांची रांग आहे का, यावरून पुष्कळ कळते. तेलाचे नावही कंसात द्यावे लागते. 'खाद्य वनस्पती तेल (पामोलीन)' असे बहुतेक पाकिटांवर दिसेल, महागड्या ब्रँडच्याही. मग शंभर ग्रॅममागे सोडियम पाहावे. सोडियमच्या मिलिग्रॅमला अडीचने गुणले की मिठाचे मिलिग्रॅम मिळतात. ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर शंभर ग्रॅममध्ये दोन ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, आणि आपल्या भाजी-आमटी-लोणच्यातच त्यातले बरेचसे जाते. घरात रक्तदाबाचे कुणी असेल तर भावाच्या आधी हा आकडा पाहा.

तेलावर प्रक्रिया करताना तयार होणाऱ्या घातक चरबीवर, म्हणजे कृत्रिम ट्रान्स फॅटवर, जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती सगळ्यांना सारखीच लागू आहे. पाकिटावरचा अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक चौदा आकडी असतो. दुकानाच्या ब्रँडवर बनवणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे अशी दोन नावे दिसतात. बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता टिपून ठेवण्याची सवय लावा. त्याच दुकानाची शेव एखाद्या महिन्यात चांगली आणि पुढच्या महिन्यात वेगळी लागली, तर अनेकदा बनवणाराच बदललेला आढळेल.

गरम_चहा | ८ फेब्रुवारी, सायंकाळी ७.००

वेफरच्या पाकिटात निम्मी हवाच असते, ती ग्राहकाला फसवण्यासाठी भरतात का?

तळणीचा_घाणा | ८ फेब्रुवारी, सायंकाळी ७.२५

तो साध्या हवेऐवजी भरलेला नायट्रोजन असतो. प्राणवायूमुळे तळलेल्या पदार्थातले तेल खवट होते, म्हणून तो काढून नायट्रोजन भरतात, आणि फुगलेल्या पाकिटामुळे वाहतुकीत वेफरचा चुराही कमी होतो. खरेदी करताना पाकिटाचा फुगवटा पाहू नये, निव्वळ वजन पाहावे. आणि पाकीट एकदा उघडले की ते संरक्षण संपते, मग छापलेल्या तारखेवर विसंबून राहू नये.

जुनी_चाळ | ८ फेब्रुवारी, रात्री ९.१५

माझे बालपण नायगावला गेले. दुकानाने स्वतः माल निवडून, स्वतःच्या नावाने पाकिटे भरून विकणे हे मुंबईकरांना नवे नाही, एवढे सांगण्यासाठी लिहिते आहे. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेल्या सहकारी भांडारातून पुढे अपना बाजार उभा राहिला. माझी आई महिन्याचा किराणा तिथूनच भरत असे, कारण तिथे वजन चोख असे आणि मापात हात मारला जात नाही हा विश्वास होता. डी-मार्टचे पहिले दुकान पवईला २००२ मध्ये निघाले, म्हणजे मधे अर्धशतकाहून मोठा काळ आहे.

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली, तिची पद्धत तर मला आजही सर्वांत योग्य वाटते. काही कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल आला की एकाच्या घरी सगळ्यांनी जमून वाटप करायचे. जाहिरात नाही, दुकानाचे भाडे नाही, आणि मोजणारे हात आपलेच. आमच्या मजल्यावर वाटपाच्या दिवशी जिन्यापर्यंत पिशव्या लागलेल्या असत. मागणी आधी नोंदवायची असल्यामुळे समोर दिसले म्हणून उचलले, असे होत नसे. ओसरीताई, तुमच्या डिसेंबरच्या जादा दीड किलोचे उत्तर मला त्यात दिसते.

सुट्ट्या मालाबद्दलही सांगते. लालबागच्या चिवडा गल्लीत मी अजूनही जाते. तिथे चव घेऊन, हवा तेवढाच चिवडा घेता येतो. पण तिथे घटकांची यादी नसते, हेही खरे आहे. खप मोठा असलेल्या दुकानातच घ्यावा, म्हणजे माल ताजा मिळतो.

खारीबिस्कीट | ८ फेब्रुवारी, रात्री ९.५०

टोस्ट, बटर आणि खारी यांच्या बाबतीत माझा कौल कोपऱ्यावरच्या बेकरीला आहे. आमच्या माहीमच्या बेकरीत सुटी खारी दुकानाच्या ब्रँडपेक्षा थोडी महाग पडते, पण पाकिटातल्या खारीचा तळाशी जो चुरा निघतो तो वजनात मोजला तर फरक जवळजवळ नाहीसा होतो.

आठवीची_आई | सोमवार, ९ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

मला तिसऱ्या प्रश्नावर लिहायचे आहे, कारण आमच्याकडे तो फार नाजूक झाला होता. माझ्या मुलाने शाळेतून येऊन सांगितले की मधल्या सुट्टीत मित्रांनी त्याच्या पाकिटाचे नाव मोठ्याने वाचले आणि "हे कुठलं?" असे विचारले. एवढेच झाले होते, कुणी चिडवलेही नव्हते. तरी त्याने ते पाकीट दप्तरात तसेच परत आणले. मी आधी रागावले, म्हटले की पैसे झाडाला लागत नाहीत. नंतर त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तेव्हा वाईट वाटले. या वयात वेगळे दिसणे किती जड जाते, हे आपण विसरतो. तुमच्या मुलीने हे कसे घेतले?

ओसरी | ९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

तुमचा प्रतिसाद सकाळी लोकलमध्ये वाचला आणि दिवसभर मनात होता.

आमच्याकडेही मुलीने डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डबा न्यायचेच टाळले होते. त्याचे कारण तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. चाचणीच्या रविवारी वाट्या भरण्याचे काम तिच्याकडे दिले, वहीतले आकडेही तिलाच मांडायला सांगितले. किलोचा भाव काढताना तिने स्वतःच विचारले, "आई, म्हणजे आपण वेफरचे पैसे देतो की पाकिटाचे?" त्या दिवसापासून तिचा विरोध मावळला. तरी शाळेत पाकीट द्यायचे नाही, हे मी ठरवून टाकले. आता खाऊ डब्यातून जातो. डब्यात फुटाणे कुणाचे आहेत, हे कुणी विचारत नाही. तुमच्या मुलालाही पाकिटाऐवजी डबा देऊन पाहा, आणि शक्य असेल तर त्याच्यासमोर हिशेब मांडा. तो मोठा आहे, त्याला कळेल.

धाकट्यासाठी वेगळी तडजोड केली. त्याच्या आवडीचे क्रीमचे बिस्कीट बंद केले नाही. दोन पुडे महिन्याचे, आणि कधी उघडायचे ते त्याने ठरवायचे. जानेवारीत पहिला पुडा तीन दिवसांत संपला, दुसरा मात्र त्याने सतरा दिवस पुरवला.

तराजू | ९ फेब्रुवारी, रात्री १०.१०

एक गोष्ट राहिली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. नमकीन, शेव, भुजिया यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर, बिस्किटांवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि खाकरा तर करमुक्त झाला. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यातली बिले काढून आजच्या भावाशी तुलना केली तर करामुळे झालेली घट दुकानाच्या ब्रँडच्या खात्यावर जमा होईल. ओसरीताईंचे तिन्ही महिने बदलानंतरचे आहेत, म्हणून त्यांची तुलना ग्राह्य आहे.

मीठमसाला | मंगळवार, १० फेब्रुवारी, सकाळी ११.२०

माझा एक अनुभव सांगते, दुकानाचे नाव घेत नाही. मागच्या जुलैमध्ये एका सुपरमार्केटमधून त्यांच्याच ब्रँडचे मखाणे आणले. तारीख बरीच पुढची होती, पण पाकीट उघडताच खवट वास आला. बिल टाकून दिलेले होते आणि काउंटरवरच्या मुलाने बिलाशिवाय काही करता येणार नाही असे सांगितले. रक्कम मोठी नव्हती, पण पैसे वाचवायला म्हणून आणलेली वस्तू कचऱ्यात टाकताना फार लागले. तेव्हापासून महिना संपेपर्यंत सगळी बिले एका पाकिटात ठेवते. नंतर कळले की अशा वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

आणखी एक, मुंबईच्या पावसाळ्यात मोठी पाकिटे घेऊच नयेत. दोन दिवसांत सगळे सादळते. तेव्हा ग्रॅममागे चार पैसे जास्त गेले तरी लहान पाकीट स्वस्त पडते.

ओसरी | १० फेब्रुवारी, रात्री ९.४५

पावसाळ्याचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, कारण माझे तिन्ही महिने कोरडे होते. जून ते सप्टेंबरचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

घाणाकाकांच्या सांगण्यावरून काल घरातली सगळी पाकिटे पालथी करून वाचली. ज्या शेवेबद्दल मी लिहिले होते, तिच्या घटकांत पहिले नाव खाद्य तेलाचे निघाले आणि बेसन दुसरे. वेफरच्या दोन्ही पाकिटांवरचे सोडियमही पाहिले, आणि जिभेने जे सांगितले तेच आकड्यांनी सांगितले. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यामुळे ते वेफर स्वस्त असले तरी यादीतून काढले आणि त्यांच्या डब्यात आता बिनमिठाचे फुटाणे आणि खाकरा असतो.

जुनी_चाळ यांचा प्रतिसाद मी आमच्या मजल्यावरच्या तिघींना वाचून दाखवला. पूर्ण संघ करण्याइतकी कुटुंबे अजून जमलेली नाहीत, पण दाणे, फुटाणे आणि पातळ पोहे या तीन वस्तू आम्ही चार घरांनी एकत्र आणायचे ठरवले आहे. शनिवारी यजमान आणि शेजारचे दादा जाऊन घाऊक दुकानातून पोती आणतील. वजनकाटा माझा, नोंद मुलगी ठेवणार आहे, आणि वाटप रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या घरी आहे. प्रत्येकीने आपापले डबे घेऊन यायचे आहे.